अकरावी ओळ

माझगावात गोदीच्या भिंतीला लागून
एक तिकोनी बाग आहे. बाग म्हणजे
दोन बाकडी, एक बदामाचं झाड
आणि काळा दगड. त्यावर बावीस नावं.
वर कोरलंय: रणांगणी धारातीर्थी पडलेले वीर.

रण नव्हतं. बोटीचं पोट होतं.
सगळेच्या सगळे आगवाले, कोळसेवाले,
हातात फावडं, कमरेला ओला पंचा.
बंदूक पाहिली असेल तर
फाटकावरच्या शिपायाच्या खांद्याला.

ते आम्ही सोडून दिलं होतं.
वीर म्हणतात, म्हणोत बापडे.
आमचं भांडण अकराव्या ओळीशी.

अकराव्या ओळीत बाबू धाकू.
बस्स, एकच.

आमच्या वेळण्यात रीत अशी
की नातवाला आजाचं नाव.
बाबूचा धाकू, धाकूचा बाबू,
रहाटाच्या गाडग्यांसारखी नावं खालीवर.
बोटीवर दोघं होते.
धाकू बाबू, बाप, वय पंचेचाळीस.
बाबू धाकू, लेक, एकोणीस पुरं नाही.
कुठल्याशा कचेरीत कुणा कारकुनाला वाटलं,
एकच माणूस उलटसुलट लिहिलाय.
त्यानं एकावर रेघ मारली.
चोख माणूस असणार.

अर्ज यासीन परकार टाइप करायचा,
डॉकयार्डच्या पुलाखाली, फुकट,
कारण चौथ्या ओळीत त्याचा आजा आहे
आणि त्याच्या नावातला काना गळालाय.
स्वतःच्या कान्याबद्दल त्यानं एकही अर्ज केला नाही.
धाकूसाठी सतरा केले.

वॉर्डातले साहेब म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा.
यासीन म्हणाला, समुद्र दाखला देत नाही, साहेब.
साहेब म्हणाले, नाव तर आहे की!
लेकाच्या नावात बापाचं येतंच.
इंदूआत्या, धाकूची नात, चौऱ्याऐंशीची,
तोवर पंख्याकडे बघत बसली होती. म्हणाली,
मग तुमच्या पगारात
तुमच्या बापाचाही धरतात का हो?

शेवटी वही सापडली.
गावकीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत,
नारळ फोडायच्या कोयत्याखाली.
वर्गणीची. महिना माणशी चार आणे.
एका पानावर, एकाखाली एक, दोन अंगठे.
वरच्याला मधोमध व्रणाची आडवी रेघ.
खालचा कोवळा, शाईत जास्तच बुडवलेला,
पान उलटलं तरी मागं दिसणारा.

साहेबांनी भिंग मागवलं.
बराच वेळ बघत राहिले.
सही केली, चहा मागवला नाही.

कोरायला लक्ष्मण धोत्रे आला.
उकिडवा बसून दगडावरून हात फिरवला,
जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
म्हणाला, नवी ओळ बसत नाही.
अकराच्या वर बोटभर जागा आहे, खालीही बोटभर.
बारीक अक्षरात होईल.
कुठं घेऊ? बाप वर की लेक?

तासभर वाद झाला.
मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, वडीलकीचा मान आहे, वर.
मुंब्र्याहून आलेला यासीन म्हणाला, वहीत वर आहे, वर.
आत्यानं विचारलं,
आधीपासून कोरलंय ते कुणाचं?
पोराचं, मी म्हटलं.
मग बाप मागनं आला म्हणा.
पोर दिसेना म्हणून शोधत आला.
खाली लिहा.

धोत्र्यानं छिन्नी लावली.

वरच्या मथळ्यासाठी अठरावा अर्ज काल दिला.
रणांगणी काढून बॉयलरपाशी लिहावे ही विनंती.
साहेब आता नवे आहेत.
त्यांनी विचारलं, शोभेल का?

तळाला अजून तसंच आहे: एकूण २२.
दुपारी शाळा सुटली की पोरं येतात,
दगडाला बोट लावत मोजतात,
तेवीस भरतात,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात.